एकदंत कुल : मातीतील व गोड्या पाण्यातील एका मुक्तजीवी कृमिकुलाचा नामविचार

१. प्रास्ताविक

‘कृमी’ हा शब्द कानावर पडताच मराठी भाषकाच्या मनात प्रथम उभी राहते ती रोगाची अथवा किळसेची कल्पना. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील शेतीव्यवहारात ह्या शब्दाला अलीकडे आर्थिक अर्थही प्राप्त झाला आहे. तासगावकडील द्राक्षे, आटपाडीकडील डाळिंबे, सांगलीची हळद, कोरेगावकडील आले ही पैशाची पिके होत. आणि ह्या चारही पिकांच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी बागायतदारांच्या परिचयाचा झाला आहे. पाने पिवळी पडली, वाढ खुंटली, रोप उपटून पाहिले तो मुळांवर गाठी दिसल्या, की माती तपासणीस जाते. मातीत सूत्रकृमी आहेत असे उत्तर येते. आणि सूत्रकृमिनाशक औषध मुळांशी सोडले जाते.

हा क्रम वरवर पाहता निर्दोष वाटतो. त्यातील एक दुवा मात्र कच्चा आहे. ज्या मातीत सूत्रकृमी मुळीच नाहीत असे शेत सापडणे जवळजवळ अशक्य होय. ओंजळभर सकस मातीत ते हजारोंनी असतात. त्यांपैकी काही मुळांतील रस शोषतात, काही जिवाणूंवर व काही बुरशीवर जगतात, तर काही इतर सूत्रकृमींचीच शिकार करतात. ह्या सर्वांना मिळून एकच नाव असल्यामुळे ‘मातीत सूत्रकृमी आहेत’ ह्या वाक्यातून उपयोगाचे असे फारच थोडे कळते. प्रस्तुत लेखात शिकारी सूत्रकृमींच्या ‘मोनोंकिडी’ ह्या कुलाचा परिचय करून देऊन, मराठीत त्यास कोणते नाव शोभेल आणि असे नाव असण्याने कोणता व्यवहार सुधारेल, ह्याचा विचार केला आहे.

२. शब्दांचा पूर्वेतिहास

‘कृमि’ हा शब्द वैदिक काळापासून चालत आलेला आहे. अथर्ववेदाच्या दुसऱ्या व पाचव्या कांडांत कृमींच्या नाशासाठी रचलेली सूक्ते आहेत आणि त्यांत दिसणारे व न दिसणारे असे कृमींचे दोन प्रकारही सांगितले आहेत. न दिसणाऱ्या कृमींची कल्पना इतक्या प्राचीन काळी केली गेली, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु दिसणारा असो वा न दिसणारा असो, कृमी हा नाश करण्याच्याच योग्यतेचा, ही भूमिकाही तेथे तितकीच स्पष्ट आहे. फारसीतील ‘किर्म’ व लिथुएनियन भाषेतील ‘किर्मिस’ हे ह्याच शब्दाचे सगोत्र होत. मराठीतील ‘किरमिजी’ हा रंगवाचक शब्दही ह्याच परिवारातला. हा रंग एका किड्यापासून काढीत, म्हणून त्यास ते नाव पडले. ह्या शब्दपरिवारात किळसेपासून मुक्त राहिला तो एवढा एकच शब्द, आणि तोही त्यातील किडा विस्मृतीत गेल्यामुळे.

‘जंत’ ह्या शब्दाची कथा निराळी, परंतु तिचा शेवट तोच. ‘जन्’ म्हणजे जन्मणे ह्या धातूपासून ‘जंतु’ शब्द सिद्ध झाला. जन्मास आलेला तो जंतू, मग तो मनुष्य का असेना. ‘जीवजंतू’ ह्या जोडशब्दात हा व्यापक अर्थ अजून शिल्लक आहे. एरवी मात्र ‘जंत’ म्हणजे पोटातील कृमी आणि ‘जंतू’ म्हणजे रोगाचे कारण, असा अर्थसंकोच व त्याबरोबरच अर्थापकर्षही घडून आला. ‘जंतुनाशक’ हा शब्द आज कोणास खटकत नाही. मूळ अर्थाने पाहिल्यास तो सर्व प्राणिमात्रांचा नाश करणारा ठरेल!

भाषेने स्वतंत्र नाव दिले ते ज्याचा मनुष्याशी प्रत्यक्ष संबंध आला त्यालाच. ‘नारू’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या काळात, त्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवाटे पोटात गेलेला हा सूत्रकृमी वर्षभराने पायातून बाहेर पडे. त्यास कोणी नुसता कृमी म्हटले नाही. त्यास नाव मिळाले, त्याची ओळख पटली आणि त्याचा मार्गही शोधून काढता आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. उलट बाजूचे उदाहरण गांडुळाचे. आकाराने कृमीसारखा असूनही ह्या प्राण्याला मराठीने कृमींत घातले नाही. त्यास स्वतःचे नाव होते. म्हणूनच १८८१ साली डार्विनने ज्याचे महत्त्व ग्रंथरूपाने मांडले, त्या प्राण्याच्या नावाने ‘गांडूळखत’ हा शब्द मराठीत सहज रुळला. ‘कृमिखत’ असा शब्द असता, तर तो इतक्या सहजतेने स्वीकारला गेला असता, असे वाटत नाही.

शास्त्रीय परिभाषेत ‘नेमॅटोड’ ह्या संज्ञेसाठी मराठीत दोन प्रतिशब्द आढळतात. ‘नेमा’ म्हणजे ग्रीक भाषेत धागा; त्यावरून ‘सूत्रकृमी’ हा शब्द तंतोतंत जुळतो. ‘गोलकृमी’ हा दुसरा शब्द ह्या प्राण्यांच्या शरीराचा आडवा छेद वर्तुळाकार असतो ह्यावरून आला; परंतु मराठीत ‘गोल’ म्हणजे चेंडूसारखा असाही अर्थ होत असल्यामुळे तो विद्यार्थ्याची दिशाभूल करतो. बागायतदारांच्या बोलण्यात मात्र ह्या दोहोंपेक्षा ‘निमॅटोड’ हाच शब्द अधिक ऐकू येतो, आणि त्याचा अर्थ बहुधा ‘मुळांवर गाठी आणणारा’ एवढाच असतो. म्हणजे नव्याने आलेल्या परकीय शब्दाच्या वाट्यासही ‘जंत’ शब्दाचाच अर्थसंकोच आला.

३. कुलाचा परिचय

हेन्री चार्लटन बॅस्टियन ह्या इंग्रज संशोधकाने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात मुक्तजीवी सूत्रकृमींच्या शंभर नव्या जातींचे वर्णन केले. त्या काळी अशा प्राण्यांच्या गटास दिलेले लॅटिन नाव ‘लहानशी वाम’ अशा अर्थाचे होते. कृष्णेच्या काठच्या कोळ्यांनी जाळ्यातली वाम वळवळताना पाहिलेली असते. सूक्ष्मदर्शकाखालील सूत्रकृमीची चाल त्याच जातीची असते. बॅस्टियनने ह्याच प्रबंधात ‘मोनोंकस’ हा वंश स्थापिला. ह्या वंशाच्या नावावरून पुढे कुलाचे ‘मोनोंकिडी’ हे नाव तयार झाले. प्राणिकुलांच्या नावांच्या शेवटी येणारा हा प्रत्यय ग्रीकमधील अपत्यवाचक प्रत्यय होय. ‘कुंती’वरून कौंतेय किंवा ‘रघू’वरून राघव, तसाच हा ‘मोनोंकस’वरून मोनोंकिडी. तेव्हा त्यास मराठीत ‘कुल’ म्हणण्याची प्रथा मूळ अर्थाशी सुसंगतच आहे. संघ, वर्ग, गण, कुल, वंश, जाती ही परिभाषेची उतरंड मराठी वाचकांत रुळविण्याच्या कामी मराठी विश्वकोशाचा वाटा मोठा आहे. त्या विश्वकोशाचे संपादन सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुखत्वाखाली सुरू झाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला.

ह्या कुलातील प्राण्यांची लांबी सामान्यतः एक ते तीन मिलिमीटर असते. सूत्रकृमींच्या मानाने हे शरीर दांडगेच होय. त्यांचे मुख हे त्यांचे मुख्य लक्षण. मुखविवर पिंपाच्या आकाराचे, जाड भिंतींचे असून त्याच्या पृष्ठीय बाजूस एक मोठा दात पुढे आलेला असतो. मुळे शोषणाऱ्या सूत्रकृमींच्या मुखात पोकळ सुई असते. ती पेशीत खुपसून ते रस ओढतात. जिवाणूंवर जगणाऱ्या ऱ्हॅब्डायटिडी कुलातील सूत्रकृमींचे मुख साध्या नळीसारखे असते. १९९८ साली ज्याची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली तो प्रयोगशाळेतील सुप्रसिद्ध ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ ह्या नळीच्या मुखाच्या परिवारातला होय. म्हणजे सुई, नळी व दात ह्या तीन घरगुती शब्दांनी मातीतील सूत्रकृमींची पहिली स्थूल वर्गवारी होऊ शकते. काही कुले ह्या वर्गवारीत नीट बसत नाहीत. तथापि प्रारंभीच्या अभ्यासास ती पुरेशी आहे.

ह्या कुलातील काही जाती ओलसर मातीत, काही शेवाळात, तर ‘मोनोंकस’ वंशातील कित्येक जाती नद्या, तळी व ओढे ह्यांच्या तळच्या गाळात राहतात. अनेक जातींत नर क्वचितच सापडतात. माद्या नराविनाच अंडी घालतात. अंडी संख्येने थोडी व आकाराने मोठी असतात. कित्येकांच्या शेपटीत चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात, त्यांच्या साहाय्याने प्राणी वाहत्या पाण्यातही कणांना चिकटून राहू शकतो.

भारतात ह्या प्राण्यांच्या अभ्यासाचा पाया घालण्याचे श्रेय अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद शमीम जैराजपुरी ह्यांस द्यावे लागते. १९६९ साली त्यांनी ह्या कुलास व त्याच्या निकटच्या कुलांस सामावून घेणारा ‘मोनोंकिडा’ हा स्वतंत्र गण मांडला, आणि १९८२ साली वजीहुल्ला खान ह्यांच्यासह ह्या शिकारी सूत्रकृमींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

४. शिकारीचे स्वरूप व तिच्या मर्यादा

ह्या प्राण्यांस डोळे नसतात. भक्ष्याचा शोध बव्हंशी स्पर्शाने लागतो. ओठ भक्ष्यास टेकताच मुख उघडते, स्नायुमय अन्ननलिका जोराने ओढ घेते, दाताने भक्ष्याची त्वचा फाटते, आणि मग भक्ष्य सबंध गिळले जाते अथवा त्यातील द्रव्य शोषून घेतले जाते. पारदर्शक शरीरामुळे गिळलेला सूत्रकृमी शिकाऱ्याच्या आतड्यात स्पष्ट दिसतो.

अमेरिकन संशोधक नेथन ऑगस्टस कॉब ह्याने १९१७ साली ह्या प्राण्यांवर विस्तृत निबंध लिहिला आणि पिकांना उपद्रव देणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध त्यांचा उपयोग करता येईल, असे सुचविले. १९२२ साली स्टाइनर व हेन्ली ह्यांनी प्रयोगशाळेत केलेली नोंद आजही उद्धृत केली जाते : एकाच प्राण्याने सुमारे १२ आठवड्यांच्या आयुष्यात १,३३२ सूत्रकृमी मारले. ही जाती आज ‘क्लार्कस पॅपिलॅटस’ ह्या नावाने ओळखली जाते.

हा आकडा वाचून शिकारी सूत्रकृमी वाढवून शेतात सोडावेत, अशी कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. तथापि शंभर वर्षांत ती व्यवहारात उतरलेली नाही, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले कारण असे, की हा शिकारी निवड करीत नाही. मुळे शोषणाऱ्या सूत्रकृमीबरोबरच तो जिवाणूभक्षी सूत्रकृमीही खातो. हे जिवाणूभक्षी प्राणी जिवाणू खाऊन त्यांतील जादा नत्र अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात व ते पिकास मिळते. तेव्हा त्यांचा नाश हा पिकाचा लाभ नव्हे. प्रसंगी तर तो स्वजातीयांनाही सोडीत नाही. दुसरे कारण, त्याची पैदास सावकाश होते. तिसरे कारण गाठी आणणाऱ्या ‘मेलॉयडोगायनी’ वंशाच्या जीवनक्रमात आहे. त्या वंशाच्या नावाचा अर्थच ‘सफरचंदाच्या आकाराची मादी’ असा आहे. ही फुगीर मादी मुळाच्या गाठीत रुतून बसते व चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. शिकाऱ्यास तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अंड्यांतून निघून नव्या मुळाच्या शोधात मातीत फिरणारी पिल्लेच तेवढी त्याच्या तावडीत सापडतात.

चौथे कारण मातीच्या पोताशी निगडित आहे. गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान व अतिशय बारीक असते. शिकारी त्याच्या कित्येक पट जाड असतो. ज्या मातीतील पोकळ्या बारीक आहेत तेथे भक्ष्य शिरू शकते, पण शिकारी शिरू शकत नाही. कृष्णाकाठची खोल काळी चिकण माती पाण्याने व यंत्रांच्या वजनाने दडपली गेली असता हीच अवस्था उद्भवत असली पाहिजे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

ह्या मर्यादा ध्यानात घेतल्यावर कुलाचे महत्त्व कमी होते काय? तसे नव्हे, ते निराळ्या ठिकाणी आहे. नेदरलँड्समधील टॉम बोंगर्स ह्यांनी १९९० साली सूत्रकृमींच्या कुलांस एक ते पाच असे क्रमांक देऊन मातीच्या स्थैर्याचा निर्देशांक मांडला. झपाट्याने वाढणाऱ्या व कोणतीही उलथापालथ सोसणाऱ्या कुलांस एक, आणि सावकाश वाढणाऱ्या व नाजूक कुलांस पाच. ऱ्हॅब्डायटिडी कुलाचा क्रमांक एक आहे, मोनोंकिडीचा चार. वारंवार नांगरट, रासायनिक औषधे, मातीत साचलेली विषारी द्रव्ये ह्यांचा परिणाम ह्या कुलावर लवकर होतो व भरून निघण्यास वेळ लागतो. म्हणून ज्या शेतात हे प्राणी बऱ्या संख्येने आढळतात त्या शेतातील माती दीर्घकाळ सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष काढता येतो.

येथेच सूत्रकृमिनाशकाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. औषधाच्या नावात भेदभाव नाही, आणि बहुतेक औषधांच्या कृतीतही तो फारसा नसतो. मातीच्या पोकळ्यांत फिरणारा शिकारी औषधाच्या थेट मार्गात असतो. मुळाच्या आत दडलेली मादी व पिशवीतील अंडी त्या मानाने सुरक्षित असतात. औषधाचा प्रभाव ओसरल्यावर अंडी फुटतात, गाठी पुन्हा येतात, आणि ह्या वेळी मातीत शिकारी नसतो. अशी औषधे मनुष्यासही घातक असतात. दीर्घकाळ वापरात असलेल्या फोरेटवर भारतात २०२० सालच्या अखेरीस पूर्ण बंदी आली. निंबोळी पेंड, झेंडूचे आंतरपीक, पिकांची फेरपालट, निरोगी बेणे व रोपे हे उपाय सावकाश लागू पडतात. परंतु त्यांनी मातीतील सर्व वस्ती एकदम उठत नाही.

५. कृष्णाखोऱ्यातील अभ्यासाची शक्यता

ह्या कुलाच्या अभ्यासास सातारा व सांगली जिल्ह्यांइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडील माण, आटपाडी व जत ह्या तालुक्यांत पाचशे मिलिमीटरची वाट पाहावी लागते. पश्चिमेस जांभ्याची माती व जंगल, नदीखोऱ्यात काळी जमीन, पूर्वेस मुरमाड माळ. कृष्णा ह्या सर्वांना जोडते : वाईचा घाट, वेण्णा मिळते ते माहुली, कोयना मिळते ते कऱ्हाड, वारणा मिळते ते हरिपूर. प्रत्येक संगमाच्या काठचा गाळ आणि त्यालगतच्या शेतातील माती ह्यांची तुलना केल्यास पाण्यातील व मातीतील जातींचा परस्परसंबंध पाहता येईल. वाळवे, मिरज ह्या भागांत अतिरिक्त पाण्यामुळे क्षारपड झालेल्या जमिनी व त्यांच्या शेजारच्या चांगल्या जमिनी ह्यांची तुलना तर विशेष उद्बोधक ठरेल. कास पठार व कोयना अभयारण्य ह्यांसारख्या संरक्षित क्षेत्रांतून माती घेण्यापूर्वी वनखात्याची परवानगी मिळविणे आवश्यक आहे.

साधने अल्प लागतात. पाच ते वीस सेंटिमीटर खोलीवरून निरनिराळ्या जागची ओलसर माती घेऊन ती एकत्र करावी. उन्हात ठेवू नये, वाळू देऊ नये. बादलीत पाण्यात कालवून जड रेती खाली बसू द्यावी व वरचे पाणी बारीक चाळणीतून ओतावे. चाळणीतील अवशेष पातळ कापडावर घेऊन, बाएरमान ह्याने १९१७ साली सुचविलेल्या रीतीने, पाणी भरलेल्या नरसाळ्यात ठेवावा. नरसाळ्याच्या नळीस रबरी नळी व चिमटा लावलेला असतो. एक-दोन दिवसांत सूत्रकृमी कापडातून उतरून तळाशी जमतात. मोठ्या आकाराचे शिकारी प्राणी मंद असल्यामुळे कित्येकदा वरच राहतात. म्हणून चाळणीतील अवशेषही स्वतंत्रपणे तपासावा. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मुख पाहावे : सुई, नळी की दात? एवढी नोंद पदव्युत्तर वर्गातील कोणीही विद्यार्थी करू शकेल; जातीपर्यंतची ओळख तज्ज्ञाकडे सोपवावी.

६. नामकरण

‘मोनोंकस’ ह्या नावातील ‘मोनोस’ म्हणजे एक, आणि ‘ओंकोस’ म्हणजे बाणाच्या टोकाचा वळलेला आकडा. हा दुसरा शब्द संस्कृतातील ‘अंकुश’ ह्या शब्दाचा सगोत्र आहे. तेव्हा शब्दशः पाहू गेल्यास ‘एकांकुश’ हे भाषांतर अधिक काटेकोर ठरेल. परंतु सूक्ष्मदर्शकात विद्यार्थ्यास जे दिसते तो दातच होय. आणि ‘एकदंत’ हा शब्द ज्यास समजावून सांगावा लागेल असा मनुष्य सांगलीच्या वा वाईच्या गणपतीच्या परिसरात सापडणार नाही. देवतेचे नाव क्षुद्र प्राण्यास देण्याने औचित्यभंग होईल, ही शंकाही टिकणारी नाही. देवमासा, गणेशवेल, रामफळ ह्या नावांनी भाषेला अशी सवय पूर्वीच लावलेली आहे. म्हणून कुलासाठी ‘एकदंत कुल’ व त्यातील प्राण्यांसाठी ‘एकदंत सूत्रकृमी’ ही नावे सुचविण्यास हरकत नसावी.

ह्याहून सोपे असे ‘मित्रकृमी’ हे नाव काहींस पसंत पडेल. मित्रकीटक हा शब्द रूढ आहेच. तथापि वर सांगितल्याप्रमाणे हा प्राणी पिकाच्या हिताचे व अहिताचे असे दोन्ही प्रकारचे सूत्रकृमी खातो. त्यास मित्र म्हणणे हे ‘कृमी’ शब्दातील आरोपाइतकेच एकांगी होईल, आणि मित्र म्हणून बाटलीत भरून विकण्याचा मोहही त्यातून उत्पन्न होईल. शरीराच्या अवयवावरून दिलेले नाव निष्पक्ष असते. ते प्राण्याचा न्याय न करता त्याची ओळख तेवढी सांगते.

माती तपासणीच्या अहवालात सूत्रकृमींची एकच संख्या देण्याऐवजी सुईचे किती, नळीचे किती व दाताचे किती अशा तीन संख्या दिल्या, तर त्या अहवालाचा अर्थ पूर्णपणे बदलेल. सुईचे थोडे व एकदंत पुष्कळ, अशा जमिनीस औषधाची गरज बहुधा नसेल; सुईचे पुष्कळ व एकदंत मुळीच नाहीत, अशा जमिनीत केवळ औषधाने काम भागणार नाही. शेतकऱ्यास त्याचा खर्च व त्याची जमीन ह्या दोहोंच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. तो भेद त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम प्राणिशास्त्राच्या व मराठीच्या अभ्यासकांनी मिळून करावयाचे आहे, आणि त्याचा आरंभ दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एका नरसाळ्यानेही होऊ शकेल.